काकांचा कोबा

मिनेसोटात स्थायिक झालेल्या मराठी गृहस्थांत एक जमात अशी आहे, की तिच्या घरी जेवायला गेल्यावर आधी वर्कशॉप बघावं लागतं. श्रीखंड-पुरी नंतर. आमचे काका त्या जमातीचे अध्वर्यू. पुण्यात इंजिनिअर झाले, मिनिअ‍ॅपोलिसला आले आणि निवृत्त होईपर्यंत दुसऱ्यांची ड्रॉइंगं तपासत राहिले. त्यामुळे कागदावरच्या रेषेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. स्वतः काढलेल्या रेषेवर तर नाहीच.

वर्कशॉपच्या दारातच आज्ञा होते, "बूट काढा. मोजेही." बाहेर उणे पंचवीस. पाहुणा कुरकुरत पाऊल टेकवतो आणि त्याचा चेहरा पालटतो. कोबा चक्क उबदार! काका या चेहऱ्यासाठीच थांबलेले असतात. मग पुराण लागतं. चार इंचांचा कोबा, त्याखाली दोन इंच फोम, कोब्याच्या पोटात जाळीला बांधलेली अर्ध्या इंची पेक्सची नळी, फूट-फूट अंतरावर चकलीसारखी वळत गेलेली. बॉयलरचं पाणी तिच्यातून फिरतं. रोमन लोक फरशीखालून गरम हवा खेळवायचे, कोरियन घरांत ओंडोल असतं, फ्रँक लॉइड राइटने १९३७ साली पुऱ्या केलेल्या मॅडिसनच्या जेकब्ज घरात फरशीखालून नळ नेले, हे सारं अनवाणी उभं राहून ऐकायचं. भारतातून आलेल्या मेहुण्याला नायगारा बघायचा होता. काका त्याला मॅडिसनला घेऊन गेले आणि ते घर रस्त्यावरून दाखवून परत आणलं. फरशी अर्थातच दिसली नाही.

तर या वर्कशॉपमध्ये एक भिंत हवी होती. मंडळाच्या गणपतीचं मखर तिथेच रंगतं आणि करवतीचा भुसा ओल्या रंगावर बसतो, एवढंच कारण. लाकडी सांगाडा, दोन्ही बाजूंनी ड्रायवॉल. खालची पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाची, नाहीतर काँक्रीटच्या ओलीने ती कुजते. ही पट्टी दीड इंच जाडीची. स्क्रू तिच्यातून जाऊन निदान इंचभर कोब्यात रुतला पाहिजे. दुसरा कोणी असता तर दुपारच्या चहाआधी भोकं पाडून मोकळा झाला असता.

काका ड्रिल हातात घेऊन उभे राहिले आणि तसेच राहिले. नळी वरून दोन इंचांवर आहे. ड्रॉइंगवर! पण काँक्रीट ओतताना कामगार जाळीवर बूट घालून नाचतात. कुठे नळी दबते, कुठे वर येते. चुकून टोचली तर कोबा फोडणं आलं. ओतकामाआधीचे फोटो होते. त्यांत मंडळाची सगळी कार्यकारिणी हसत उभी होती, नेमकी नळ्यांच्या पुढे.

मग उष्णता दाखवणारा कॅमेरा आला. पडद्यावर केशरी पट्टे उमटले. नळी कुठून जाते ते कळलं, किती खोल ते नाही. काकांना अतिशय आनंद झाला, कारण आता शंकेला चित्र मिळालं. दर शनिवारी चर्चा भरू लागली. एकाने बंदुकीसारखं खिळे मारणारं यंत्र सुचवलं. त्याला पुढच्या वेळी बोलावलं नाही. भिंत उभी राहिली असती तर या मंडळींना शनिवारी काय काम उरलं असतं, हा प्रश्न मला पडायचा. मी विचारला नाही, कारण जेवण उत्तम असायचं.

काकूंना कॅमेऱ्याचं नवल नव्हतं. इडलीचं पीठ कुठे ठेवलं की फुगतं हे त्यांना पहिल्या हिवाळ्यापासून ठाऊक होतं. एका सकाळी त्यांनी अख्ख्या कोब्यावर ओला पोछा फिरवला. नळीवरचे पट्टे आधी वाळले. वाळेल तशी त्या पट्ट्यांवर त्यांनी रांगोळी सोडली आणि हात झटकले.

"पण खोली, अगं, खोली?"

"अहो, भिंतीवर छप्पर नाही ना ठेवायचं? वर छताच्या लाकडांना धरा, कडेला भिंतींना धरा, खाली चिकटवा. आपल्या नाटकातली भिंत तीन अंक उभी राहते, आणि नायक दार किती जोरात आपटतो!"

काकांनी पॉलियुरेथेनचा गोंद आणला, त्याच्या डब्यावरचा बारीक मजकूर दोनदा वाचला आणि शेवटी भिंत उभी केली. उत्तम उभी आहे. कोब्याला एकही भोक नाही, हे पाहुण्यांना भिंतीच्या आधी दाखवतात.

फक्त भिंतीत दार आहे, आणि खाली जमिनीत जाणारी कडी नसलेल्या दाराला काका दार मानत नाहीत. कडीसाठी कोब्यात अर्ध्या इंचाचं भोक लागेल. येत्या शनिवारी सगळ्यांना बोलावलं आहे.