सुतळीवाले अण्णा

मूल रांगायला लागलं की बारशाला न आलेला एक माणूस घरी हजर होतो. तुमच्याकडेही येऊन गेला असेल. आमच्या पिंपळगाव बसवंतात त्याला अण्णा म्हणतात. द्राक्षबागायतदार, वय सत्तरीकडे झुकलेलं, बंडीच्या खिशात कायम सुतळीचा गुंडा. बाजार समितीत टोमॅटोचा लिलाव रंगात आलेला असताना हे व्यापाऱ्याला विचारणार, "नात रांगते का हो?"

आमच्याकडे आले ते चहा-पाणी नाकारून, धोतर खोचून थेट फरशीवर ओणवे! "पोराच्या उंचीवरनं घर बघायचं असतं, वैनी." सोफ्याखालून टाचणी, शेंगदाणे आणि एक चपटा गोल सेल काढून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मीच ते तिथे पेरून ठेवले होते.

मग सुतळी निघाली. फ्रिजला सुतळी, कपाटाला सुतळी, मिक्सरच्या वायरीला सुतळी. बत्ता नळाला बांधला. बागेत कोवळी फूट तारेला बांधतात तशी हळुवार गाठ. न्हाणीघरातल्या बादल्या मात्र नुसत्या उपड्या केल्या. "वीतभर पाणीसुद्धा नको." संध्याकाळी हिला फोडणीला मोहरी मिळेना. सुतळी कापायला विळी शोधली, तर विळीही बांधलेली. तेवढ्यात आमची कन्या रांगत आली, एक टोक ओढलं आणि फ्रिज उघडून बसली. घरात ती गाठ सोडता येणारी तीच एकटी! अण्णांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, "हुशार आहे. आता दुहेरी मारू."

असा हा वैताग. पण शेतावरच्या शेडमध्ये शिरला की माणूस बदलतो. तिथे सुतळी निघत नाही, कुलूप निघतं. फवारणीचं उरलेलं औषध कुणी थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेलं दिसलं, की अण्णांचा आवाज चढतो. "कंपनीच्या डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. १९७१च्या नियमांत सगळं लिहून ठेवलंय. आणि ह्या बाटलीवर काय आहे? आंबा!" कुलूप लागून किल्ली उंच खिळ्यावर जाईपर्यंत ते हलत नाहीत.

शिवारातल्या शेततळ्यांवरही त्यांचाच पहारा. प्लास्टिकच्या कागदाचा उतार, वर शेवाळ; आत घसरला तर पोहणाऱ्यालाही काठ धरता येत नाही. अण्णांनी पदरच्या पैशांनी काठावर खुंट ठोकून, गाठी मारलेले दोर आणि टायरच्या ट्यूब पाण्यात सोडल्या आहेत. दोर नायलॉनचा. सुतळी पाण्यात कुजते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा शेततळ्याला कुंपण नसेल तर घालून घ्या, दोर सोडा, आणि औषध मूळ डब्यातच ठेवून कुलूप लावा. फ्रिजचं काय ते तुम्ही आणि अण्णा बघून घ्या.