सहभाग सरकारचा, वर्गणी गावाची

शाळेतल्या खिचडीसोबत मुलांना आठवड्यातून एक अंडे मिळावे, असे महाराष्ट्र सरकारच्या मनाने 2023च्या नोव्हेंबरात घेतले. निर्णय चांगला होता, म्हणून त्याला फारसे आयुष्य लाभले नाही. 2024च्या जूनमध्ये पोषण आहाराच्या पाककृती 15वर गेल्या. मोड आलेली कडधान्ये आणि खीर यांच्यासह ताट तीन भागांत सजवायचे ठरले. 2025च्या जानेवारीत नवा शासन निर्णय आला आणि त्यात अंड्याचा निधी गेला. अंडे मात्र कागदावर राहिले. अंडा पुलाव, गोड खिचडी आणि नाचणीसत्त्व हे पदार्थ ऐच्छिक झाले. ते द्यायचेच असतील तर शाळांनी लोकसहभागातून पैसा उभा करावा, असे सांगण्यात आले. पदार्थ सरकारने सुचवायचा, पातेले शाळेने चढवायचे आणि अंडी गावाने आणायची, अशी ही चोख कामवाटणी आहे. यात सरकारने दिले काय, असे कुणी विचारू नये. सरकारने पाककृती दिली.

लोकशाहीबद्दलची आपली बाळबोध समजूत अशी, की लोकांनी कर भरावा, सरकारने त्यातून शाळा चालवाव्यात आणि पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत बसून कारभारात सहभागी व्हावे. गेल्या काही वर्षांत या भूमिकांची बिनबोभाट अदलाबदल झाली आहे. सहभाग सरकार घेते, निधी लोक देतात. आणि सरकारचा सहभाग म्हणाल तर तो ओसंडून वाहतो आहे. गणवेशाचेच पाहा. दोन गणवेशांचे 600 रुपये समितीकडे येत, समिती गावातल्या किंवा तालुक्यातल्या शिंप्याकडून कपडे शिवून घेई. 2024-25 मध्ये हे माप मंत्रालयातून घ्यायचे ठरले. राज्यभर एक रंग, कापडाची एकच खरेदी, शिलाई बचत गटांकडे. दुसऱ्या, स्काउट-गाइडच्या गणवेशाचे नुसते कापड शाळेच्या हाती आणि शिलाईला 110 रुपये. तेवढ्या पैशात कोणता शिंपी मशीनला पाय लावतो, हे शोधण्याचे काम मुख्याध्यापकांचे. कुठे गणवेश उशिरा पोहोचले, कुठे पोहोचले पण अंगाला बसेनात. त्याच डिसेंबरात अधिकार पुन्हा समित्यांकडे आले. त्याआधी, 2024च्या फेब्रुवारीत, मुख्यमंत्र्यांच्या शुभेच्छापत्रासोबत मुलांचे आणि पालकांचे फोटो काढून संकेतस्थळावर चढवण्याचे राष्ट्रकार्य शाळांनी पार पाडले होते. एवढ्या बारकाईने लक्ष घालणाऱ्या सरकारला उदासीन कोण म्हणेल?

हे लक्ष पैशाच्या रकान्याशी आले की विरळ होते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाचा किरकोळ खर्च भागवण्यासाठी संयुक्त अनुदान मिळते. पट 30पर्यंत असेल तर ही रक्कम 10 हजार रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे 833. त्यात विजेचे बिल, खडू, फिनेल, हजेरीपट, नळाची तोटी, फुटलेले कौल, वरून मागवलेल्या माहितीच्या झेरॉक्स आणि ऑनलाइन माहिती भरायचा डेटा. वीज तोडली गेली तर वरिष्ठ कार्यालय विचारते, ‘डिजिटल वर्ग बंद का?’ दुसरी नोंद त्याहून बोलकी. गरीब आणि मागास घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींची गळती थांबावी म्हणून 1992 मध्ये उपस्थिती भत्ता सुरू झाला : हजेरीच्या दिवसाला 1 रुपया, वर्षाला जास्तीत जास्त 220. त्यानंतर वेतन आयोग आले आणि गेले, रुपयाचे चिन्ह बदलले, मुलींच्या शिक्षणावर घोषणांचे पीक आले. हा रुपया मात्र जिथे होता तिथेच आहे. राज्याच्या धोरणात इतके सातत्य दुसरीकडे सापडणे कठीण.

शाळांना पैसा द्यायचा नाही म्हटल्यावर पैसेवाला शोधणे आले. 2023च्या सप्टेंबरातल्या दत्तक शाळा योजनेने ती सोय केली. कंपन्यांनी, संस्थांनी, व्यक्तींनी 5 किंवा 10 वर्षांसाठी सरकारी शाळा दत्तक घ्याव्यात; मदत रोख नको, वस्तू आणि सेवांच्या रूपात हवी; आणि देणगीदाराची इच्छा असेल तर त्याने सुचवलेले नाव शाळेच्या नावाला जोडता येईल. दरपत्रकही सोबत होते. मोठ्या महापालिकांच्या हद्दीतली शाळा 5 वर्षांसाठी 2 कोटींच्या घरात, ग्रामीण शाळा 50 लाखांत. शाळांचा बाजारभाव सरकारने स्वतः जाहीर केला, याबद्दल पारदर्शकतेचे गुण द्यायला हवेत. पण दत्तक मूल देताना आईबाप ते का सांभाळू शकत नाहीत, एवढे तरी विचारले जाते. इथे पालक धडधाकट आहेत, राज्याची अर्थव्यवस्था देशात पहिली असल्याचे रोज सांगत आहेत, आणि मूल तेवढे चौकात उभे आहे. शिवाय दत्तक घेणारा साहजिकच गोंडस मूल निवडतो. रस्त्यालगतच्या, दोनशे पटाच्या, फोटो बरा येईल अशा शाळेला देणगीदार भेटेल. पावसाळ्यात जिची वाट ओढ्यात जाते, त्या शाळेच्या पाटीवर नाव लावून कोणत्या सिमेंटचा खप वाढणार आहे?

यावर पहिला आक्षेप भारदस्त आहे, कारण तो इतिहासाचा आहे. महाराष्ट्रात शिक्षण लोकवर्गणीतूनच वाढले, सरकारकडे हात पसरून नव्हे, असे म्हटले जाते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली ती रयतेच्या बळावर, हे खरेच. पण त्या वेळी तिजोरीच्या किल्ल्या परक्यांकडे होत्या. आणि त्या परक्यांनाही आपल्या माणसांनी मोकळे सोडले नव्हते. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे रोखठोक हिशेब मांडला : महसूल शेतकऱ्याकडून येतो, शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो, तेव्हा बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा. गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. पुढच्या वर्षी ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात मोफत आणि सक्तीचे शिक्षण सुरू केले, आणि सक्ती करताना तिजोरीही उघडली. म्हणजे या परंपरेत वर्गणी होती ती सरकार आपले नव्हते म्हणून, आणि मागणी सदैव सरकारनेच पैसा द्यावा अशी होती. आज सरकार आपले आहे, कर आपण भरतो, आणि वर पुन्हा वर्गणीची पावती. हिला परंपरा म्हणणे म्हणजे त्या थोरांच्या तसबिरीला हार घालून त्यांच्याच खिशात हात घालणे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे, म्हणून जास्त टोचणारा. अनुदान दिले की संस्थाचालक खातात. खोटे नाही. 2011च्या ऑक्टोबरात राज्यभर पटपडताळणी झाली, एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मतदारासारखी मुलांच्या बोटाला शाई लागली, आणि हजेरीपटावर सुखाने नांदणारी लाखो मुले जगात नसल्याचे उघड झाले. अलीकडे नागपूर विभागात शिक्षकांच्या पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बनावट काढल्याचे प्रकरण निघाले. म्हणजे आधी मुले काल्पनिक होती, मग शिक्षकांतही कल्पनाविलास आला. पण चोरी कुणाच्या सहीने झाली? मान्यता खात्याची, पोर्टल खात्याचे, पगार बिल मंजूर करणारा अधिकारी खात्याचा. घरात चोर शिरला तर कडी बदलतात, घरच्यांचे जेवण बंद करत नाहीत. इथे उपाय काय निघाला? 2012च्या कायद्याने नव्या खासगी शाळांसाठी स्वयंअर्थसहाय्याचा रस्ता आखून दिला. म्हणजे लूट यापुढे सरकारकडून नको, थेट पालकांकडून फी म्हणून घ्या.

जुन्या विनाअनुदानित शाळांची कथा तर टप्प्याटप्प्याने सांगावी लागते, कारण अनुदानच टप्प्याने येते : आधी 20 टक्के, मग 40, मग 60. शिक्षक पूर्ण वेळ शिकवतो, पगाराचा पाचवा हिस्सा सरकार देते, उरलेल्या चार हिश्शांत तो लोकसहभागाचा सर्वांत मोठा देणगीदार ठरतो. 2024च्या ऑक्टोबरात वाढीव 20 टक्क्यांचा शासन निर्णय निघाला. त्याला निधीची जोड नव्हती, म्हणून 2025च्या जुलैत शिक्षकांना आझाद मैदानात चिखलात बसावे लागले. वरच्या वर्गातही अभ्यासक्रम तोच. महाविद्यालयांत मंजूर पदे रिकामी आणि वर्ग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांच्या भरवशावर. तास झाला तर मानधन, सुट्टी लागली तर उपवास. 2024 मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षण मोफत झाले. निर्णय स्वागतार्ह, पण तो शुल्क प्रतिपूर्तीवर उभा आहे. मुलीला मोफत, संस्थेला उधार, आणि उधारी लांबली की संस्थेची नजर पुन्हा मुलीच्या बापाकडे. वंचित मुलांसाठी खासगी शाळांत राखीव असलेल्या 25 टक्के जागांचे तसेच. दर मुलामागे 17,670 रुपयांची प्रतिपूर्ती थकत गेली, तेव्हा 2024च्या फेब्रुवारीत सरकारला आठवले, की किलोमीटरभर अंतरात आपली स्वतःची शाळा असेल तर खासगी शाळेत राखीव जागा कशाला? सरकारी शाळेवर सरकारचे प्रेम इतके क्वचित उफाळून येते, की उच्च न्यायालयाने जुलैत तो बदल रद्द केला तेव्हा वाईटच वाटले.

राहिला तो आकड्यांचा आक्षेप : पैसा आहे कुठे, आणि वीसच्या आत पट असलेल्या शाळांवर तो उधळायचा का? अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक. त्या मिटवून पानशेत, तोरणमाळच्या धर्तीवर समूह शाळा करा, असा विचार 2023 मध्ये पुढे आला. पुढच्या वर्षी सहावी ते आठवीला वीसहून कमी मुले असतील तर शून्य शिक्षक, असा संचमान्यतेचा, म्हणजे शाळेला किती शिक्षक हे ठरवण्याचा, निकष आला. हिशेब म्हणून हे अचूक आहे. वाडीवर पंधराच घरे असतील तर पट साठ होत नाही, हा दोष वाडीचा आहे, आणि डोंगराने आडवे येऊन खर्च वाढवला हा डोंगराचा. पण हीच काटकसर शक्तिपीठ महामार्गाला लावून पाहावी. सुमारे 86 हजार कोटींच्या त्या रस्त्यासाठी सरपंचाने पावतीपुस्तक घेऊन फिरावे, पहिला किलोमीटर ऐच्छिक असावा, असे कुणी सुचवल्याचे ऐकिवात नाही. उलट ज्यांना तो नको आहे त्यांच्या जमिनीतूनही नेण्याची तयारी आहे. पैसा नसतो तेव्हा तो सगळीकडे नसतो. फक्त शाळेपुरता नसेल तर त्याला तुटवडा म्हणत नाहीत, प्राधान्यक्रम म्हणतात. राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर खर्च करा, असे कोठारी आयोगाने 1966 मध्ये सांगितले. 1968, 1986 आणि 2020च्या धोरणांनी तोच आकडा आदराने पुन्हा लिहिला. लिहायला खर्च येत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे : ज्याचा हुकूम त्याचा खर्च. शिक्षण खात्याच्या प्रत्येक शासन निर्णयाच्या पहिल्या परिच्छेदात पैसा कुठल्या लेखाशीर्षातून येणार ते छापावे, आणि जिथे ‘लोकसहभागातून’ असे छापावे लागेल तिथे हुकमाचा अधिकारही लोकांकडे द्यावा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतातच; पैसा त्यांचा, तर परिपत्रकही त्यांचे. मग एखाद्या वाडीची समिती मंत्रालयाला लिहील : ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, आपल्या विभागातील रिक्त पदे, थकीत प्रतिपूर्ती आणि 1992 नंतर उपस्थिती भत्त्यात झालेली वाढ यांची माहिती सोबतच्या प्रपत्रात आज दुपारी बारापर्यंत सादर करावी. सोबत मंत्रिमहोदयांचा प्रपत्रासह फोटो जोडावा. विलंब झाल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल. वाढीची माहिती निरंक असल्यास तसे स्पष्ट नमूद करावे.’