बैलाने अर्ज केला नव्हता

परदेशात शिकवायला गेलेला आपला प्राध्यापक पहिला महिनाभर नव्या अपार्टमेंटचंच रडगाणं गातो. फोडणी दिली की धुराचा भोंगा वाजतो, शेजारी नुसती मान हलवून जातो. बिचारा! जाण्याआधी त्याला महिनाभर भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या किल्लारीला ठेवायला हवं होतं.

इथली माणसं कुठे गेली नाहीत, परकं गावच त्यांच्याकडे चालत आलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती माणसांवर कोसळल्या. मग जागतिक बँकेचं कर्ज आलं, आराखडे आले. पुनर्वसनात घराचं माप सातबाऱ्यावरून ठरलं: भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, सात हेक्टरांच्या वर असेल त्याला ७५०. भूकंपाने सगळ्यांना एकाच रांगेत आणलं होतं. कागदाने ज्याला त्याला आपापल्या पायरीवर परत बसवलं.

रस्ते मात्र छावणीसारखे सरळ आणि ऐसपैस. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, हे नकाशात नव्हतं. बैलाने बहुधा अर्ज केला नसावा. पूर्वी भाकरी थापता थापता शेजारणीला हाक मारता यायची, आता त्यासाठी चपला घालाव्या लागतात. माळवदावर मिरच्या वाळवणाऱ्या आजीला तर वर जायचा जिनाच सापडेना.

मग लोकांनी हळूहळू पत्रे ठोकले, ओटे काढले, गोठे उभारले. तज्ज्ञ आता तेच बघायला येतात, फोटो काढतात आणि अहवालात ‘लोकसहभाग’ असं लिहून घरी जातात.