कपाटातलं सोनं
जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. पण इथलं खरं सोनं, ९१६च्या शिक्क्याचं, बँकेच्या लॉकरमध्ये मखमली डबीत निवांत निजतं. घरच्या लोखंडी कपाटात नांदतं ते फुले मार्केटातलं बेंटेक्स: एका कानातल्याला दुसरं सापडत नाही, ठुशीत मोहनमाळ अडकलेली, आणि गुंता सोडवायला वेळ सापडतो तो नेमका लग्नाला निघताना. धुळ्याच्या वहिनींनी आग्रा रोडवरून बारा कप्प्यांचा डबा आणला. शिस्त लागली म्हणे! आता त्यात बटणं, सेफ्टी पिना, रबरबँड आणि लॉकरची किल्ली. दागिने पूर्वीसारखेच साडीच्या घडीखाली. परवा ‘माय वं, किल्ली कुठंय?’ म्हणत अख्खं घर उपसलं. डबा तेवढा कुणी उघडला नाही. तो आवरलेला होता ना!