भातुकलीतलं गिऱ्हाईक

भातुकलीत सगळ्यात जोखमीचं काम पाहुण्याचं. आचारी स्वतः काही खात नाही. वाढपी नुसता मिरवतो. बाहुली पहिल्याच घासाला आडवी होते आणि तिला कोणी आग्रह करत नाही. उरतो तो पाहुणा. त्याला ‘आता पुरे’ म्हणायची सोय नसते, कारण यजमानाचं वय पाच असतं आणि त्याचा खालचा ओठ कधीही थरथरू लागू शकतो.

आमच्या घरी हे पद माझ्याकडे आहे. दादा वर्तमानपत्रामागे गडप असतो, वहिनीचा लॅपटॉप रविवारीही मिटत नाही आणि आईचे गुडघे तिला जमिनीवर बसू देत नाहीत. तेव्हा मी माहेरी गेले, की मल्हारच्या हॉटेलात गिऱ्हाईक एकच. पूर्वी बरं होतं. रिकामा कप यायचा, आपण ‘सुर्र’ करायचं, ‘वा, आलं काय लागलंय!’ म्हणायचं आणि कप परत करायचा. पण पाचवं लागल्यापासून मालकाला असला खोटेपणा खपत नाही. आता कपात खरा चहा असतो, ताटलीत खरं लिंबाचं लोणचं असतं आणि कढईत आमटी असते. आमटी म्हणजे चिंच, गूळ, पाणी आणि त्या वेळी मालकाच्या बोटांना जे काही लागलेलं असेल ते.

अशाच एका मेजवानीत, गुलाबी कपातल्या चहावर काहीतरी तरंगताना पाहून, मी वहिनीला विचारलं, “ही भांडी खाण्यापिण्यासाठी चालतात का गं?”

वहिनी औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. तिला साधा प्रश्न विचारला, तरी उत्तर परिशिष्टासकट मिळतं. तिने खोका उलटा करून पाहिला.

“आयएसआय आहे, ताई.”

मी कप तोंडाला लावला.

“पण तो खेळण्याचा. भांड्याचा नाही.”

मी कप खाली ठेवला.

मग मला जे ज्ञान मिळालं, ते असं. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्यासाठीचं मानक आयएस ९८७३. त्याच्या तिसऱ्या भागात खेळण्याच्या रंगातून आणि प्लास्टिकातून शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम, क्रोमियम, बेरियम, अँटिमनी आणि सेलेनियम अशी आठ मूलद्रव्यं किती सुटतात, ते मोजतात. शिशाची मर्यादा किलोमागे ९० मिलिग्रॅम. मोजायचं कसं? खेळण्याचा रंग खरवडायचा किंवा बारीक तुकडे करायचे, ते ३७ अंश तापमानाच्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचे, तासभर हलवायचे आणि तासभर तसेच ठेवायचे.

“हे तर पोटच झालं,” मी म्हटलं.

“पोटच. मूल खेळणं चावून गिळणार, हे गृहीत धरलेलं आहे.”

“आणि त्यात चहा ओतला तर?”

“ते गृहीत धरलेलं नाही.”

खाण्याच्या डब्याबाटल्यांच्या प्लास्टिकची परीक्षा निराळी. तिथे पाणी, तीन टक्के ॲसेटिक आम्ल, अल्कोहोल, हेप्टेन असे द्रव खऱ्या पदार्थांच्या जागी बसवतात. म्हणजे आम्ल लोणच्याच्या जागी, हेप्टेन तेलातुपाच्या जागी. ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ ते प्लास्टिकला लावून ठेवायचे आणि त्यांत काय काय उतरलं ते तोलायचं. किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर गेलं, की प्लास्टिक नापास. भातुकलीचा कप या परीक्षेला बसतच नाही, कारण त्याने कधी मी भांडं आहे असा दावाच केलेला नाही. थोडक्यात, आपल्या मानकांनी कप गिळणाऱ्या मुलाचा बारकाईने विचार केलेला आहे. त्या कपातून चहा पिणारी आत्या मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.

आणि मूलद्रव्यं राहू द्या, त्या किटलीच्या आत कोणाचा हात जाणार? दोन अर्धुकं एकमेकांना चिकटवून केलेली ती वस्तू. शिवणीतून दूध आत शिरतं, ते बाहेर यायचं नाव घेत नाही. घासणी आत जात नाही, काडी जाते पण वळत नाही. झाकण उघडून वास घेतला, तर मागच्या किती रविवारी चहा झाला होता ते सांगता येईल. पाहुण्याचा घात करायला शिशाचीच गरज आहे असं नाही, नासकं दूधही पुरतं.

इतक्यात आई पलंगावरून म्हणाली, “म्हणून म्हणते, प्लास्टिक नकोच. माझी पितळी भातुकली काढा.”

आईची भातुकली तुळशीबागेतली. तिच्या वडिलांनी आणलेली. बंब, घंगाळ, कढई, परात, अंगठ्याएवढा तांब्या, करंगळीएवढी पळी. आईचा युक्तिवादही पितळेइतकाच जड: “आम्ही त्यातच खाल्लं, काय झालं आम्हाला?” या वाक्यापुढे आजवर कोणी जिंकलेलं नाही. ज्यांना काही झालं, ते वादाला हजर नसतात.

मी विचारलं, “आई, त्या कढईत तू ताक ठेवशील?”

“ताक? वेडी का तू? कळकेल.”

“आणि चिंचेची आमटी?”

आई गप्प झाली. हे आमच्या घरात फार क्वचित घडतं. पितळ चकचकीत करायला चिंच लावायची, हे तिनेच मला शिकवलेलं. चिंचेतलं आम्ल भांड्यावरचा काळपट थर विरघळवतं, म्हणून भांडं उजळतं. मल्हारची आमटी त्या कढईत तासभर मुरली, की कढई लखलखीत होते, याचं आई कौतुक करायची. कढईवरून निघालेलं तांबं कुठे जातं, हा प्रश्न कौतुकाच्या भरात मागे पडला होता. ते आमटीत जातं आणि आमटी आत्याकडे येते. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं, इतकं शाळेत शिकवतात. कातायला, ओतायला सोपं जावं म्हणून त्यात थोडं शिसंही घालतात, ते वहिनी सांगते.

मोठ्या पितळी भांड्यांवर यासाठीच कल्हई असते. नवसागराच्या धुरात तापल्या भांड्यावर कथील फिरवलं, की आतून चांदीसारखा थर बसतो आणि आंबट पदार्थ पितळेपर्यंत पोचत नाही. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत तर कल्हई नीट नसलेलं तांब्यापितळेचं भांडं अन्न ठेवायला अयोग्य, असं सरळ लिहिलेलं होतं. तो नियम शब्दशः लावला असता, तर तुळशीबागेतली अर्धी बालपणं जप्त झाली असती. भातुकलीला कल्हई कोण करणार? एक तर ‘कल्हईऽऽय’ ही आरोळी आता गल्लीत ऐकू येत नाही. आणि कल्हईवाला मिळालाच, तरी त्या अंगठ्याएवढ्या तांब्यात त्याचं फडकं शिरणार कसं?

राहिली लाकडी भातुकली. ती बंगळूर-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची. तिथे लाकूड कातताना त्यावर लाखेची रंगीत कांडी दाबून धरतात, घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर चढते. लाख तशी पोटाला परकी नाही. गोळ्या-चॉकलेटांच्या चकाकीसाठी ती ई-९०४ या नावाने चालते. हे ऐकून मला हुरूप आला. पण जी लाख उष्णतेने चढते, ती गरम चहाने नरमही पडते, हे वहिनीने पुढच्याच वाक्यात सांगितलं. शिवाय लाकडी भांडी म्हणून जे सर्रास विकलं जातं, त्यातलं बरंचसं साध्या तैलरंगाने रंगवलेलं असतं. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा आली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या पिवळ्याधमक, लालभडक वस्तूंची जन्मपत्रिका विचारू नये. आपल्या पोटाचं एक असतं, पण लहान मूल शिसं मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं आणि शिशाची अमुक मात्रा निर्धोक, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणतच नाही.

म्हणजे तिन्ही संच बाद. भातुकली बंद करा, असं मल्हारला सांगायचं कोणी? दादा वर्तमानपत्र आणखी वर धरून बसला.

तोडगा आईने काढला. ती उठली, फडताळ उघडलं आणि स्टीलच्या इवल्याशा वाट्यांची चळत काढली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेल्या. प्रत्येक मराठी घरात अशी चळत असते. आमटीला लहान, मिठाला मोठी आणि टाकून द्यायला जिवावर येते. त्यांना इतक्या वर्षांनी नोकरी लागली.

मालकाला अर्थातच ते पटेना. “ही खेळातली भांडी नाहीत. ही खरी आहेत.”

“मग खेळातल्या भांड्यात नुसता नैवेद्य दाखवायचा,” आई म्हणाली. “देवाला दाखवतो की नाही आपण? देव ताटातलं खातो का? तसं. गुलाबी कपातून आत्याला दाखवायचं आणि खरं प्यायचं ते या वाटीतून.”

मल्हारने यावर बराच विचार केला. मग चेहरा उजळला. तो आत गेला, आजीने केलेला बेसनाचा लाडू पितळी ताटलीत घालून आला. माझ्यासमोर ताटली धरली, डोळे मिटले, पळीने भोवती पाणी फिरवलं, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

मी हात पुढे केला.

“आत्या, तुला दाखवून झालाय,” तो म्हणाला. आणि लाडू वाटीत घेऊन, नियमाप्रमाणे स्टीलच्या, स्वतः खाऊ लागला.

सुरक्षिततेच्या दृष्टीने आता बोट ठेवायला जागा नाही. पाहुण्याच्या पोटात काहीच जात नाही.