अकरा महिने भाडेकरूचे, बारावा रंगाऱ्याचा

पेडणे-डिचोलीत फ्लॅट भाड्याने देणे हे आता शास्त्र झाले आहे. 5 जानेवारी 2023 रोजी मोपावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि काल-परवापर्यंत जिथे नारळ रचले जात, त्या खोलीलाही ‘एअरपोर्टपासून जवळ’ असा भाव आला.

शास्त्राचे पहिले सूत्र : करार 1 ऑक्टोबरपासून करावा. भिंती नुकत्याच रंगवलेल्या, ऊन स्वच्छ, भाडेकरू प्रसन्न. वर्षाहून अधिक मुदतीचा करार नोंदवावा लागतो, म्हणून मुदत अकरा महिने. म्हणजे किल्ली परत घ्यायची 31 ऑगस्टला! तीन महिने पाऊस पिऊन भिंत काळी पडलेली असते. डिपॉझिट कापायला याहून चांगला मुहूर्त पंचांगात नाही.

मालक येतात, भिंतीवरून बोट फिरवतात.

‘‘ही बुरशी तुमच्या वेळची.’’

‘‘बाब, वर गच्ची गळते.’’

‘‘गच्ची बरी आहे. तुम्ही कपडे आत वाळत घालता. खिडक्या उघड्या ठेवायच्या होत्या.’’

‘‘ठेवल्या होत्या.’’

‘‘मग तिथूनच पाऊस आत आला!’’

वास्तविक कोणताही जाणता गवंडी डाग बघून सांगेल. छताला गोल डाग असेल तर गच्चीचे पाणी, जमिनीलगत पट्टा असेल तर चिऱ्यातून वर चढलेली ओल, आणि फक्त कपाटामागे असेल तर घरातली वाफ. पहिले दोन मालकाचे, तिसरा बहुतांशी भाडेकरूचा. म्हणूनच गवंड्याला कोणी बोलावत नाही, रंगाऱ्याला बोलावतात.

कायदा आहे ना! 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम 108 म्हणते, घर मिळाले तसे परत करा. मात्र वापराने होणारी वाजवी झीज आणि माणसाला न आवरणारी शक्ती यांचा दोष भाडेकरूवर नाही. यावर डिचोलीकडच्या मालकवर्गाचा युक्तिवाद बिनतोड आहे : पाऊस दरवर्षी जूनमध्ये येतो, मग न आवरणारा कसा? तेच कलम असेही म्हणते की, मालक ज्या दुरुस्तीला बांधील आहे ती त्याने कळवूनही वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. ‘बांधील आहे’ हे शब्द करारात चुकूनही येऊ नयेत, एवढी दक्षता घेतली की झाले. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात तर वाटणीच करून दिली आहे : सफेदी आणि बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे, नळाचा वॉशर भाडेकरूकडे. पण राज्याने स्वीकारल्याशिवाय आदर्श हा आदर्शच राहतो. आपल्याकडे आदर्शांना हार घालतात.

परवा पेडण्यातल्या एका मालकाने करारात नवे कलम घातले : ‘भिंती मूळ रंगात परत कराव्यात.’ भाडेकरू वकिलाचा मुलगा निघाला. त्याने विचारले, मूळ रंग कोणता? चवथीच्या गर्दीचा जादा दर देऊन रंगाऱ्याला बोलावले. त्याने एक थर खरवडला, दुसरा खरवडला, तिसरा खरवडला आणि पत्रा खाली ठेवून सांगितले, ‘‘काळो!’’