रुसून गेलेला मुलगा

तिरुपतीचा बालाजी म्हणजे सात टेकड्यांचा धनी. नागपुरात सात टेकड्या आणायच्या कुठून? सीताबर्डीच्या टेकडीवर किल्ला, किल्ल्यात लष्कर. तिच्याच पायथ्याशी, स्टेशनाजवळ, टेकडी गणपतीनं आधीच जागा धरलेली. उरली सेमिनरी हिल्स. पाद्री घडवणाऱ्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून तिला हे नाव पडलं. त्या पत्त्यावर राहायला व्यंकटेशानं कधी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही. तसाही तो अडचणीत दिवस काढणारा देव. पद्मावतीशी लग्न करायला कुबेराकडून कर्ज काढलं, ते अजून फिटलेलं नाही; भक्तांनी हुंडीत टाकलेले पैसे म्हणे व्याजातच जातात. विदर्भातल्या माणसाला हा देव लगेच आपला वाटतो, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. फरक एवढाच, की आमची कर्जं निवडणुकीच्या तोंडावर माफ होण्याची आशा तरी असते. याच्या कर्जमाफीची घोषणा आजवर एकाही पक्षानं केलेली नाही.

नागपूर आधी मध्य प्रांताची आणि मग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं. रेल्वे, अकाउंटंट जनरलचं कार्यालय, पुढे केंद्र सरकारची इतर खाती, असं करत दक्षिणेतली शिकलेली माणसं इथे बदलीवर आली. काही निवृत्त होऊनही गेली नाहीत. नागपूरचा मे महिना पाहूनही जी टिकली, त्यांची श्रद्धा पक्की असणारच. आमच्या शेजारच्या मामी त्यातल्याच. घरात तमिळ, भाजीवाल्याशी हिंदी आणि आमच्याशी अस्सल नागपुरी मराठी. 'काऊन जी, आज उशीर झाला?' असं त्या विचारतात, तेव्हा नव्या माणसाला कांजीवरमची साडी आणि हे मराठी यांची सांगड घालायला थोडा वेळ लागतो.

त्यांच्याच आग्रहानं जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही देवळात गेलो. सोबत यवतमाळहून आलेली आत्या.

दाक्षिणात्य देवळात मराठी माणसाची पहिली पंचाईत होते ती आवाजाची. आपल्याला शिरल्या शिरल्या घंटा बडवून 'मी आलो' असं देवाला कळवायची सवय. इथे शिस्त अशी, की देवाला सगळं ठाऊक आहे, तुम्ही गुपचूप रांगेत उभं राहावं. गाभाऱ्यात अंधार, समया, आणि त्यात काळाभोर व्यंकटेश. डोळ्यांवर येईल एवढं मोठं नाम. आपण डोळ्याला डोळा भिडवून गाऱ्हाणं सांगणारे लोक; इथे अंदाजानं बोलावं लागतं.

रांगेत आमच्या पुढे काटोलकडचे एक शेतकरी होते. अर्चना करायची म्हणून पुजाऱ्यानं नाव विचारलं, गोत्र विचारलं, मग म्हणाला, "नक्षत्र?"

आपल्याकडे पत्रिका जुळवण्याचा विषय संपला की माणसाचं नक्षत्र कपाटाच्या तळाशी जातं. जूनमध्ये जे निघतं ते पावसाचं. काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले, "मृग." आणि पुजारी लिहून घेतोय असं पाहून माहिती पुरी करावी म्हणून पुढे म्हणाले, "यंदा वाहन मोर."

पुजाऱ्यानं शांतपणे डावीकडे बोट दाखवलं. "मोरवाले त्या बाजूला."

मग तीर्थ. तुळस आणि भीमसेनी कापूर घातलेलं हे पाणी जिभेवर पडताच नाक एकदम मोकळं होतं. सर्दी घेऊन आलेल्या भक्ताला साक्षात्काराचा भास व्हावा. त्यानंतर शठारी. चांदीचा घंटेसारखा टोप, वर विष्णूच्या पावलांचं चिन्ह. पुजारी तो डोक्यावर क्षणभर टेकवतो आणि पुढे सरकतो. देवाचे पाय आपल्या माथ्यावर, अशी त्यामागची भावना. आत्याला हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. टोप अंगावर येतोय असं पाहून ती सवयीनं मागे सरकली, पुजारी पुढे सरकला, ती आणखी मागे; असं करत दोघं खांबापर्यंत गेले. तिथे मात्र तिला देवाच्या पायांखाली यावंच लागलं. नंतर कळलं तेव्हा तिनं पदर सावरून पुन्हा रांग धरली आणि स्वतःहून डोकं पुढे केलं.

खरी अडचण पुढे होती. बालाजीचं दर्शन झाल्यावर मामी म्हणाल्या, "चला, आता मुरुगन."

"तो कोण?" आत्यानं विचारलं.

"आपला कार्तिकेय."

आत्या जागच्या जागी वळली. पाठ कार्तिकेयाकडे, तोंड चपलांच्या दिशेला. "मी नाही येत बाप्पा. कार्तिकस्वामीचं दर्शन बाईनं घेतलं तं सात जन्म वैधव्य येते."

आमचे आतोबा जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणजे या जन्माचा प्रश्न तसा निकाली होता. पण उरलेल्या सहा नवऱ्यांना वाऱ्यावर सोडणारी आत्या नव्हे. शिवाय ही समजूत काही तिच्या एकटीची नाही. पुण्याच्या पर्वतीवरच्या कार्तिकेयाकडेही बायका जात नाहीत. कार्तिकी पौर्णिमेला कृत्तिका नक्षत्राचा योग आला की तेवढी सवलत मिळते.

मामींना हसू आवरेना. "अहो, त्याला दोन बायका आहेत. वल्ली आणि देवसेना."

"कोणाला?"

"मुरुगनला. ब्रह्मचारी तर गणपती आहे."

आता आत्याचा तोल जायचाच बाकी होता. गणपतीच्या ऋद्धि-सिद्धी आमच्या देवघरातल्या तसबिरीत त्याच्या दोन्ही अंगांना उभ्या आहेत; आजोबांच्या काळापासूनची तसबीर. आणि मामी सांगतात, तमिळनाडूत पिंपळाखाली, नदीकाठी, गल्लीच्या तोंडावर जो पिळ्ळैयार बसतो तो सडाफटिंग. दोघंही शंकराचेच मुलगे, पण नर्मदा-गोदा ओलांडताना कुठेतरी दोघांच्या संसारांची अदलाबदल झाली.

मला मात्र हे प्रकरण अजिबात अवघड वाटलं नाही. पृथ्वीप्रदक्षिणेची पैज लागली, गणपतीनं आईबापाला फेरी मारून ती जिंकली, कार्तिकेय मोरावरून दमून आला आणि रुसून निघून गेला, इथवर दोन्हीकडची गोष्ट एकच. आमच्याकडे ती तिथेच थांबते. पण नागपुरातली निम्मी पोरं इंजिनीयर होऊन हैदराबाद-बंगळुरूला जातात, तसाच हाही दक्षिणेला गेला, तिथे रमला, संसार थाटला. इकडे घरचे अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत, 'नाही हो, त्याला लग्नच करायचं नाहीये. लहानपणापासून रागीटच तो.'

हे मी आत्याला समजावून सांगितलं. ती पाठमोरीच ऐकत होती. मग म्हणाली, "दोघी एकाच घरात राहतात?"

"एकीचं लग्न देवांनी लावून दिलं," मामी म्हणाल्या. "इंद्राची मुलगी. दुसरी रानातली, भिल्लाची पोर. तिच्यावर याचा जीव. तिला पटवायला हा म्हातारा होऊन गेला होता, आणि मदतीला गणपती हत्ती होऊन आला."

"भावानं मदत केली?"

"मग! ती घाबरून म्हाताऱ्याला बिलगली."

आत्या थोडी वळली. पाऊण वळून पुन्हा थबकली. डोळे घट्ट मिटले, हात जोडले आणि माझ्या खांद्याचा आधार घेत पुढे निघाली. कार्तिकेयापुढे ती तशीच उभी राहिली, आणि मामी तिच्या कानात सांगत होत्या: हातात भाला आहे, मोर आहे, आज पिवळं नेसवलंय. आत्या प्रत्येक वाक्याला मान डोलावत होती. उघड्या डोळ्यांनी आलेले आम्ही एवढं लक्ष देऊन पाहिलं नसेल.

बाहेर द्रोणात पुळियोदरै मिळाला. आत्यानं चव घेऊन 'चिंचेचा फोडणीचा भात' असा निकाल दिला आणि दुसरा द्रोण मागितला. मामींनी तिरुपतीच्या लाडवाचा विषय काढला. २००९ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या संत्र्याला ते नंतर मिळालं, हे मला अजूनही खुपतं. पण आत्याचं कशातच लक्ष नव्हतं. भातातले शेंगदाणे वेचून खात ती बराच वेळ गप्प बसली होती.

"सगळं समजलं मले," ती शेवटी म्हणाली. "रुसला, गेला, करून घेतलं लग्न. करा बाप्पा. पण दोन दोन लग्नं झाली, अन् इकडं एक पत्रिका नाही पाठवली?"